सहावं पान आणि सातवं पान

बारामती
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम जय भीम.

पुस्तक रविंद्रबरोबर पाठवते आहे. माझा हा भाऊ लोणी देवकरच्या कारखान्यात लागल्यापासून दर रविवारी इंदापूरच्या गाडीनं जातो आणि शनिवारी परत येतो. लासुर्ण्याच्या स्टँडवर तू उभी राहा, तो खाली उतरून देईल. खिडकीतून काही ते बाहेर येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघींनी घरभर पसारा करून ते केलं तेव्हा एवढं मोठं वाटलं नव्हतं. आता कंडक्टर त्याचंही तिकीट मागेल.

पण मोठंच हवं. चाळीस मुलांनी एकाच वेळी बघायचं तर पुस्तक दारासारखं हवं. आपल्या शाळांत पर्यावरण म्हणून जे तक्ते येतात ते तू पाहिलेस ना? निळा डोंगर, लाल कौलांचं घर आणि खाली अक्षरं, कचरा कुंडीत टाका. लासुर्ण्यात कचराकुंडी कुठं आहे ते मला दाखव. ज्या मुलानं कुंडी पाहिली नाही त्याला कुंडीचं शिक्षण, आणि ज्या शेताच्या धुरात तो खोकतो त्या शेताबद्दल एक अक्षर नाही. हे शिक्षण नव्हे, ही टाळाटाळ आहे. म्हणून आपण आपलं पुस्तक केलं. माझ्या गावातून निघालेला कालवा तुझ्या गावात येतो. पहिली पाच पानं आमची: कालव्यात पिशव्या टाकणारी बारामती. पुढची तुमची. सहाव्या पानावर ऊस तुटल्यावर पेटवलेलं वाळकं पाचट, समोर सातव्यावर बांधाखालचं तितराचं घरटं.

तुझ्या पहिली-दुसरीला दोन आठवडे दाखव आणि परत पाठव. माझी तिसरी वाट बघते आहे. एकच सांगते, सहावं पान गाळू नकोस. तुझ्या सासऱ्यांचा ऊस किती आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगते.

तुझी
मेघना


लासुर्णे
८ डिसेंबर १९९६

प्रिय मेघना,

सप्रेम नमस्कार.

पुस्तक पोचलं. रविंद्रनं ते डोक्यावर धरून आणलं, त्यामुळे स्टँडवरच्या निम्म्या लोकांनी ते शाळेच्या आधी पाहिलं.

मुलांना काय झालं म्हणून सांगू. तिसऱ्या पानावर झुंबर उठून उभा राहिला. "बाई, ह्या पिशव्या बारामतीच्या पोरांनी टाकल्यात. आमी न्हाय." मी म्हटलं, मग तुम्ही काय टाकता? मागून सारजा म्हणाली, "झुंबर म्हशीच्या औशिदाची बाटली टाकतोय." झुंबर खाली बसला.

सहावं पान मी गाळलं नाही. उघडलं मात्र आणि पहिलीतली पोरं एका सुरात ओरडली, "ह्ये आप्पासाहेब आबा." तू कधी माझ्या सासऱ्यांना पाहिलं नाहीस, तरी काडी लावणाऱ्याला तसाच फेटा आणि तशीच मिशी काढून बसलीस. शाळेच्या खिडकीतून समोर आमचंच शेत दिसतं. जानेवारीत तोडणीवाल्यांची टोळी येईल, ऊस जाईल, पाचट पसरेल आणि मामंजी दरवर्षीसारखी काडी ओढतील. शिवाय तेच शाळेच्या समितीचे अध्यक्ष. मी पान उलटलं. जरा लवकर उलटलं, हे खरं.

तुला हे कळणार नाही. तू विहारात, सभेत, कुठंही उभी राहून बोलतेस. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून चार पुरुष बसलेत तिथं तोंड उघडलेलं नाही. वर्गात मी बाई आहे, फाटकाबाहेर सूनबाई.

येत्या शनिवारी पुस्तक रविंद्रकडे देते.

तुझी
उत्कर्षा


बारामती
२९ डिसेंबर १९९६

उत्कर्षा,

शनिवार येऊन गेला, त्याच्या पुढचेही गेले. रविंद्र लासुर्ण्याला उतरला, स्टँडवर चहा प्याला, पुढच्या गाडीनं रिकाम्या हातानं घरी आला. दुसऱ्या वेळी चहावाल्यानं त्याला विचारलं, "काय पाव्हणं, कुणाची वाट बघताय?" तुझी चिठ्ठी नाही, निरोप नाही.

माझ्या वर्गात भिंत मोकळी करून ठेवली आहे. मुलं रोज विचारतात. मी त्यांना काय सांगू? की पुस्तक एका सासऱ्याला घाबरून कपाटात बसलंय?

मला कुणीतरी सांगितलं असतं की उत्कर्षाला पुस्तक काढू नको म्हणून घरातून दम मिळाला, तर मी समजू शकले असते. पण तू स्वतःच ते लपवलंस असं मला दिसतं आहे. आपण शिक्षक आहोत. मोठा माणूस नाराज होईल म्हणून आपण एक पान वळवतो, मग दुसरं वळवतो, आणि शेवटी मुलांच्या हातात नुसती पुठ्ठ्याची पाटी उरते. जमिनीतली गांडुळं जळतात, बांधावरचा लिंब अर्धा करपतो, पाखरं होरपळतात, आणि त्या शेतासमोरच्या शाळेत बाई फळ्यावर लिहितात, झाडे आपले मित्र. हे तुला पटतं का? मला पटत नाही आणि मी ते गोड शब्दांत लिहिणार नाही.

भ्यायली असशील तर तसं लिही. पण पुस्तक पाठव. निम्मं ते माझं आहे.

मेघना


लासुर्णे
५ जानेवारी १९९७

प्रिय मेघना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग कमी आला, कारण पाठवायला उशीर माझ्याकडूनच झाला. उशिराचं कारण लिहायला बसले की वाटायचं, हे वाचून ही हसेल. आता हस.

पुस्तक कपाटात नाही. ते खिडकीत दोन विटांना टेकून उभं आहे, सहावं आणि सातवं पान उघडं ठेवून. ते मला मिटता येत नाही.

झालं असं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटायला गेले, तर सारजानं मध्ये हात घातला. "बाई, मिटू नका. मिटलं की जाळ तितरावर पडतोय." मी म्हटलं, असं काही नसतं, चित्र आहे. पण पुस्तक अर्धवट मिटून बघितलं आणि मेघना, तसंच होतं. डावं पान वाकतं आणि तू काढलेल्या लाल-पिवळ्या ज्वाळा बरोबर घरट्यावर जाऊन टेकतात. आपण दोघींनी आठवडाभर रंग दिले, पण पुस्तक मिटल्यावर आत काय होतं याचा विचार केला नाही. सहा वर्षांच्या मुलांनी तोच आधी केला. आता सगळा वर्ग राखण करतो. आणि बारामतीला पाठवायचं तर मिटावं लागणार. मी त्यांना फसवून मिटू शकले असते, शाळा सुटल्यावर. पण मग त्यांना मी काय शिकवलं असतं?

परवा मामंजी शाळेत आले, भिंतीला गिलावा करायचा होता म्हणून. खिडकीपाशी थांबले.

"ह्ये आसं उगडं का ठिवलंय? धूळ बसंल." आणि मिटायला हात पुढं केला. सारजा धावत गेली आणि दोन्ही तळवे पानांवर ठेवून उभी राहिली.

"आबा, मिटू नका. आत तितर हाय."

"आसू दे की."

"तुमी पाचट पेटीवणार न्हाय म्हणा. मग मिटा."

"कुणाची गं तू?"

"दत्तोबाची."

"दत्तोबा जलमात मला आडवा गेला न्हाय. तू बरी गेलीस." मग ते चित्राकडं वाकले. "आन् ह्यो फेटेवाला कोण?"

झुंबर म्हणाला, "तुमीच की."

रात्री जेवायला बसल्यावर विचारलं, "सूनबाई, ते पुस्तक कुणी काढलं?" मी म्हटलं, "मी लिहिलं. चित्रं माझ्या मैत्रिणीची आहेत." सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. हे माझ्याकडं बघायला लागले. मामंजी म्हणाले, "पाचट ठिवलं की उंदरं व्हत्यात. सरीत पाणी फिरत न्हाय. बुडख्याला ऊन लागलं न्हाय तर खोडव्याचा नवा ऊस फुटत न्हाय. ह्ये लिव्हलंय का त्यात?"

मी म्हटलं, नाही लिहिलं.

"मग आर्धंच पुस्तक हाय तुमचं."

मेघना, ते चिडून बोलले, पण चुकीचं बोलले नाहीत. म्हणून तुला मागणं आहे. सुतळी सोडून दोन्ही पानांच्या मध्ये एक नवीन पान घालू. न जाळलेल्या शेताचं. म्हणजे मिटलं तरी जाळ घरट्यापर्यंत पोचणार नाही. काढून पाठव, मी पुस्तक लगेच देते.

तुझी
उत्कर्षा


बारामती
१२ जानेवारी १९९७

प्रिय उत्कर्षा,

माझं मागचं पत्र चुलीत घाल. मी तुला ओळखायला कमी पडले. तुझं "मी लिहिलं" हे आमच्या बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी विहारात शेकडो भाषणं केली आहेत, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "ताटावर बसून बोलणं माईकवर बोलण्यापेक्षा अवघड."

आता पानाचं. मी कागद घेऊन बसले, पेन्सिल फिरवली आणि थांबले. मी ते पान काढणार नाही. चिडू नकोस, ऐक. सारजा पुस्तक बघेल आणि मग खिडकीबाहेर बघेल. पुस्तकात शेत जळत नाही आणि बाहेर धूर निघतो आहे, असं तिला दिसलं तर ती पुन्हा कुठल्याच पुस्तकावर हात ठेवून उभी राहणार नाही. मोठी माणसं मुलांना कागदावर स्वच्छ जग दाखवतात आणि बाहेर घाण करतात, हेच तर आपल्याला मोडायचं होतं. जे शेतात झालं नाही ते मी कागदावर करणार नाही. आधी शेत, मग चित्र.

पण नुसतं हे लिहून तुला एकटी सोडत नाही. मी इथल्या शेतकी ऑफिसात गेले आणि मामंजींचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे विचारले. तिथले साहेब म्हणाले, पाचट एक आड एक सरीत दाबायचं. बुडखे मोकळे ठेवायचे, म्हणजे ऊन लागतं. पाणी रिकाम्या सरीतून सोडायचं, म्हणजे अडत नाही. पाचट कुजतं, जमीन ओल धरते, पाण्याची एखादी पाळी वाचते. उंदरांचं काय, असं विचारल्यावर साहेबांनी डोकं खाजवलं आणि होतात म्हणाले. तेही मी तुला लिहिते आहे. आपल्या बाजूचं तेवढं सांगायचं आणि बाकीचं झाकायचं, तर मग आपल्यात आणि त्या कुंडीच्या तक्त्यात काय फरक?

आमची तिसरी थांबेल. मी त्यांना खरं कारण सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की तितराचं होईपर्यंत आपण आपली पाच पानं करू. कालचा शनिवार आम्ही कालव्याच्या काठावर पिशव्या गोळा करण्यात घालवला. झुंबरला सांग.

तुझी
मेघना


लासुर्णे
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय मेघना,

काढ आता पान.

ऊस गेला, टोळी गेली, शेतात गुडघाभर पाचट. मी साहेबांचं सगळं मामंजींना सांगितलं, उंदरांसकट. ते म्हणाले, "हापिसातल्या मानसानं कवा दारं धरलं होतं का?" म्हणजे पाणी. मी म्हटलं, सगळं नको, शाळेकडचा तुकडा तेवढा द्या. ते दुसऱ्या दिवशी काड्यापेटी घेऊन निघाले.

आणि मग आत्याबाई उठल्या. मला वाटलं नव्हतं. दरवर्षी आमचं पाचट पेटतं आणि काजळी उडून गावभर वाळवणावर पडते, हे तुला सांगितलं होतं का? त्या दिवशी त्यांनी माळवदावर कुरडया घातल्या होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरींचं ऐकू नका. सुनंचं बी ऐकू नका. पर औंदा कुरडईवर काजळी पडली तर वरीसभर काळ्या कुरडया तुमच्याच ताटात वाढीन. पाव्हण्यांम्होरं बी."

मामंजी म्हणाले, "विजयमाला, तू बी शाळंत नाव घातलंस का?"

"घालते की. बसायला पोतं द्या."

शाळेकडचा तुकडा राहिला. आम्ही तिघी-चौघी बायका आणि दोन गडी, सरीत पाचट दाबत होतो. मुलं मधल्या सुट्टीत कुंपणाला लोंबकळून बघत होती. येणारे-जाणारे थांबत. सावळाराम तात्यांनी सायकलवरून हाक दिली, "आप्पासाहेब, रानात गादी घातली व्हय?" मामंजी म्हणाले, "व्हय, या झोपायला. उंदरं पाय चेपतील."

पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी ते स्वतः फावडं घेऊन सरीच्या शेवटापर्यंत चालत गेले. पाणी फिरलं. परत आल्यावर मला म्हणाले, "तुझ्या मैतरणीला सांग, काढ म्हणावं. आन् मिशी बारीक कर म्हणावं."

एक सांगायचं राहतं. विहिरीकडचं रान त्यांनी जाळलंच. वारा उलटा होता म्हणून कुरडया वाचल्या. शाळेतून धूर दिसला. सारजानं विचारलं, "बाई, तिकडच्या तितराचं काय?" मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, तिकडचं आपल्याला मिळालं नाही. पुढच्या वर्षी मागायचं. ती म्हणाली, "आताच मागून ठिवा."

तुझी
उत्कर्षा


मु. पो. लासुर्णे
२६ फेब्रुवारी १९९७

मेघनाताई साबळे यांस,

तुम्हांला जय भीम, आमचा राम राम.

पान पोचलं. आमच्या सूनबाईनी सुतळी सोडून मधी बसवलं. पोरांनी पुस्तक मिटलं, उघडलं, परत मिटलं. माझ्यासमोर धा वेळा तरी केलं असंल. पाचट बरोबर काढलंय. बुडखे मोकळे दाखवलेत हे चांगलं केलं. फेटा तसाच हाय, मिशी जरा कमी झाली, पण अजून जास्त हाय.

पत्रास कारण की, सोसायटीच्या आवारात नऊ मार्चला ऊसवाल्यांची बैठक हाय. गावातले लोक मला रोज विचारतात, पाचटाचं काय झालं. मी काय बोलणारा माणूस न्हाय. तुमी भाषण चांगलं करता असं ऐकलं. तुमीच या आन् लोकांना सांगा. येण्याजाण्याची व्यवस्था करतो. उंदरांचं बी सांगा, लपवू नका. दोन दिसलीत.

आपला
आप्पासाहेब


बारामती
२ मार्च १९९७

प्रिय उत्कर्षा,

मामंजींचं पत्र आलं. असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलं नाही. "दोन दिसलीत" वाचून मी आणि बाबा खूप हसलो.

मी त्यांना वेगळं लिहिलं आहे, मानानं आणि स्पष्ट. मी येणार नाही.

माईक दिसला की माझ्या अंगात बळ येतं, हे मी नाकारत नाही. मी आले तर तासभर बोलेन. लोक टाळ्या वाजवतील, चहा पाजतील, बारामतीच्या बाई काय बोलल्या म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी विडी पेटवून तीच काडी पाचटाला लावतील. कारण बाहेरच्या माणसाचं भाषण हे त्यांना भजनासारखं असतं, ऐकायचं आणि उठायचं. ज्या बाईनं त्यांच्याच गावात चिखलात उभं राहून सरीत पाचट दाबलं, ती बोलली तर त्यांना उठून जाता येत नाही. ती उद्या पुन्हा दिसते.

तू बोलायचं. मामंजींना मी तेच कळवलंय. भाषण करू नकोस. तुला ते येत नाही आणि लागतही नाही. पुस्तक ने आणि पहिलीला वाचून दाखवतेस तसं वाचून दाखव.

मी येऊन मागं बायकांत बसेन असाही विचार केला. पण मी असले तर तू माझ्याकडं बघशील. तू त्यांच्याकडं बघायला हवंस.

त्यानंतर पुस्तक इकडे पाठव. आता मिटतं आहे ना?

तुझी
मेघना


लासुर्णे
१० मार्च १९९७

प्रिय मेघना,

काय ठरलं ते आधी सांगते, म्हणजे तू ओळी गाळत पुढं धावणार नाहीस. शाळेला लागून ज्यांची रानं आहेत त्यातल्या तिघांनी औंदा पाचट न जाळायचं कबूल केलं. बाकीचे बघू म्हणाले. सावळाराम तात्यांनी कबूल केलं नाही. उंदरांवर अर्धा तास वाद झाला आणि त्यात मी हरले. मामंजींनी विहिरीकडच्या रानाचं अजून काही सांगितलेलं नाही. पुस्तक शनिवारी रविंद्रकडं देते आहे, मिटलेलं.

आता बैठकीचं. आवारात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष पाठीला भिंत मिळेल तिथं, लांब लांब बसलेले. पुढची सगळी सतरंजी रिकामी. बायका आम्ही सहा, त्या दाराबाहेर. मामंजी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आमची सून हाय. तिला सांगायचंय." आणि बसले.

मी डोक्यावरचा पदर सावरला, पुस्तक टेबलावर उभं केलं आणि बोलायला लागले. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कुणीतरी खोकलं, कुणीतरी तंबाखू मळायला घेतली. मग मागून सावळाराम तात्या म्हणाले, "सूनबाई, आवाज यीना. चित्र बी दिसंना हितनं."

आमचे हे अर्धे उठले, पुस्तक हातात धरायला आणि माझ्याऐवजी वाचायला. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी त्यांना हातानं खाली बसवलं.

मग मी म्हणाले, "माझ्या वर्गात मागून दिसत नसलं की पोरं पुढं सरकत्यात. तुमी बी पुढं या."

कुणी हललं नाही. मी पुस्तक उघडलं नाही. तशीच उभी राहिले.

आणि मेघना, सावळाराम तात्या धोतर गोळा करत उठले, आले, आणि माझ्या समोर, अगदी पहिल्या ओळीत, मांडी घालून बसले. त्यांच्यामागं दुसरे. मग सगळेच सरकायला लागले. दाराबाहेरच्या बायकांनाही मी आत बोलावलं.

सगळे नीट बसले आहेत हे बघितल्यावर मी पहिलं पान उघडलं.

तुझी
उत्कर्षा